पैकीच्या पैकी

माझा जुना विद्यार्थी कंपनीचा ‘आपोआप शिकवणारा’ फळा विकायला शाळेत आला. त्याने तो महिनाभर माझ्या वर्गात फुकट लावला, मग अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. “बाई, जरा सढळ हाताने मार्क द्या. नोकरीचा प्रश्न आहे.” शाळेत असताना हा दरवर्षी काठावर पास व्हायचा, तोही माझ्याच कृपेने. मी सवयीने लाल पेन काढलं आणि पैकीच्या पैकी देऊन टाकले. ‘शिक्षकाविना वर्ग चालतो का?’ यालासुद्धा दहापैकी दहा. आज मुख्याध्यापकांनी तोच फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “तुम्हीच लिहिलंय, बाई. संस्थेने फळा घेतला, तुमची जागा गेली. दुसरी शाळा बघा.” अक्षर माझंच होतं. मी पर्स उचलून बाहेर पडले. व्हरांड्यात तो धावतच आला. “बाई, तुमचे उपकार कसे फेडू! फक्त तुमचा फॉर्म बघून शहरातल्या झाडून सगळ्या शाळांनी फळा घेतला!”