प्रज्योतची साबणाची डबी

हळर्णला लेकीकडे दोन दिवस जायचं ठरलं आणि जानकीने पिशवीत आधी प्रज्योतची साबणाची डबी घातली. ते बघून तिचा नवरा पांडुरंग धास्तावला.

"आये, साबण कित्याक? हय बाटलेतलो साबण आसा मा," लेक रेश्मा फोनवर म्हणाली.

"बाटलेवरसून कोण न्हालो ता कळना नाय," जानकी म्हणाली.

प्रज्योत खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. पाणी दिसेल तिथे आंघोळ, म्हणून डबी कायम केबिनमध्ये. ट्रक घाटात कोसळला. मुलगा गेला, डबी तेवढी धड परत आली. जानकीने ती सर्वण गावी आपल्या घरी न्हाणीत ठेवली आणि अन्न सोडलं.

बायको डोळ्यांदेखत वाळत चाललेली कोणाला बघवेल? एका पहाटे पांडुरंगाने गुपचूप उठून तो साबण ओला केला, फेस काढला आणि परत येऊन पडला. थोड्या वेळाने जानकी न्हाणीतून आली. "झील न्हावन गेलो," मुलाबद्दल एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती वाटीभर पेज जेवली.

मग पांडुरंगाने एकही पहाट चुकवली नाही. साबण झिजत गेला, जानकी सावरत गेली. खोटं ते खोटंच, पण बाई जगली ना! त्यालाही घास गोड लागू लागला.

आणि नेमका हळर्णला घात झाला. बसच्या धक्क्यांनी अंग आंबलेलं. जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. जानकीचं अंथरूण रिकामं होतं. तो धडपडत न्हाणीत धावला.

साबण ओला होता. त्यावर ताजा फेस होता.

"तुझ्या घोवान घेतलेलो?" त्याने रेश्माला जावयाबद्दल विचारलं.

"नाय बाबा. तो दादाचो. आमी कोणी हात लावक नाय."

पांडुरंगाच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठा आनंद झाला. स्वतःच रचलेलं सगळं तो क्षणात विसरला. त्याने साबण उचलला, छातीशी धरला आणि हळूच हाक मारली, "प्रज्योत?"

दारात जानकी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"तुमका गाढ झोप लागली हुती," ती म्हणाली. "मगे आज मियाच भिजयलंय."