सूर्य उडवला

“आधी सूर्योदय टाक, मग शाळेची पाटी. सुरुवात कशी भव्य पाहिजे!” फिल्म क्लबचे सर म्हणाले.

त्यांच्या तिन्ही फिल्म अशाच भव्य सुरू झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा मी त्या सूर्याकडे बघत जांभया दिल्या होत्या. माझ्या पहिल्या दृश्यात एक मुलगी बाहेरून दार ओढून धरून उभी आहे. बस्स, एवढंच.

“ही दार धरून का उभीये? कुणाला काय कळणार? उडव हे.”

मी सूर्य उडवला.

स्नेहसंमेलनात ते दृश्य पडद्यावर आलं आणि पहिल्या संवादाआधीच हॉलमधल्या झाडून सगळ्या मुली ओरडल्या, “अगं, आटप लवकर!”

सरांना बिचाऱ्यांना तेव्हाही कळेना.

मुख्याध्यापिका बाई मात्र त्यांच्याकडे वळल्या. “मुलींच्या बाथरूमला कडी कधीपासून नाहीये, सर?”