बारा उंदरांची आंघोळ

नरकचतुर्दशीच्या सकाळी डॉक्टर कुमुदताई कॉलेजच्या प्राणिगृहात आल्या, तेव्हा तिथली देखभाल करणारी भागूबाई बाराव्या उंदराला उटणं चोळत होती.

"भागूबाई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"आंघोळ! सणाच्या दिवशी काय पारोशी ठेवू लेकरांना?"

कुमुदताई मटकन स्टुलावर बसल्या. मेंदूची सूज उतरवणाऱ्या औषधावर त्यांचा प्रबंध होता. त्यासाठी त्यांनीच या उंदरांच्या डोक्यात टोले हाणले होते. मग सहांना औषध टोचलं, सहांना नुसतं मिठाचं पाणी. कोण कुठला, हे शेपटीवरच्या शाईच्या खुणा सांगायच्या, आणि त्या खुणा आता बादलीत विरघळल्या होत्या.

"रडताय कशाला, डाक्टरीणबाई? मी सांगते." भागूबाईनं सहा उंदीर उजव्या पिंजऱ्यात टाकले, सहा डाव्या. "हे औषधवाले, ते मिठाचे."

"कशावरून?"

"चोळताना हे मेले कडकडून चावले. ते बिचारे गोळ्यासारखे पडून होते."

"अहो, औषध लागू पडतं हेच तर सिद्ध करायचंय! असं ओळखलेलं कोण मानणार? आता नवे उंदीर, पुन्हा सगळं पहिल्यापासून!"

बोलता बोलता कुमुदताई थबकल्या. औषधात काही दम नाही, या धास्तीनं वर्षभर त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. आणि बारातले नेमके सहाच चावले होते. त्यांनी भागूबाईचे हात ओढून पाहिले. बोटं रक्ताळलेली होती.

"फार दुखतंय?" टिंक्चर लावत त्यांनी विचारलं.

"मरणाचं!"

कुमुदताई हरखून म्हणाल्या, "छान!"