बागेची वेळ

उत्कर्षानं ज्ञानदाचे बूट उलटे करून पायरीवर आपटले. वाळूचा कणही पडला नाही. फ्रॉकला मातीचा डाग नाही, गुडघ्याला खरचटलेलं नाही. चार वर्षांची पोर रोज संध्याकाळी आजोबांचं बोट धरून बागेत जाते आणि नुकती न्हाऊमाखू घातल्यासारखी परत येते, हे काही तिला पटेना.

तिनं सासऱ्यांना विचारलं. वेणीमाधव गुरुजींची उभी हयात शुक्रवार पेठेत मुलांना शिकवण्यात गेलेली. खोटं बोलायची सवय नाही. म्हणून त्यांनी पेपर तोंडापुढं धरला आणि पोरगी मजेत खेळते एवढंच सांगितलं. ज्ञानदाला विचारलं, तर तिला आजही पेढा मिळाला होता. उत्कर्षाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे हे कुठल्यातरी कट्ट्यावर गप्पा झोडत बसणार आणि लेकरू शेजारी ताटकळणार! दोन खोल्यांत दिवसभर कोंडलेली पोर, तिला हुंदडायला तेवढाच एक तास, तोही यांनी खावा? नोकरी करणाऱ्या सुनेनं विश्वास टाकायचा तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातून लवकर पाय काढला आणि थेट बाग गाठली. फाटकाला कुलूप. आत झोपाळे नाहीत, घसरगुंडी नाही. मांडवाचे खांब रोवलेले, खुर्च्यांची ही चळत, आणि फाटकावर नवीकोरी पाटी. लग्न-मुंजीसाठी जागा भाड्यानं मिळेल, चौकशी बाग समितीचे अध्यक्ष शिवयोगी यांच्या चादरीच्या दुकानात करावी. वाचूनच तिचं डोकं सणकलं. पोरांचे झोपाळे उपटून वऱ्हाडं जेवू घालतात, आणि पेठेत कुणाला त्याचं सोयरसुतक नाही! सासऱ्यांना हे ठाऊक असणारच. तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही, याचा तर तिला दुप्पट संताप आला.

आधी अध्यक्षाला झाडायचं, मग घरी जाऊन सासऱ्यांना, असं ठरवून ती तरातरा दुकानाकडं निघाली.

ऐन गिऱ्हाइकाची वेळ होती. दुकानातल्या गादीवर वेणीमाधव गुरुजी मांडी घालून पेपर वाचत बसले होते. ज्ञानदा चादरींच्या ढिगावर चढत होती आणि किंचाळत घसरून खाली येत होती. घड्यांचा पार चुथडा झाला होता. दोन बायका वैतागून समोरच्या दुकानात गेल्या.

शिवयोगी गल्ल्यावरून उठून लगबगीनं पुढं आला. "वहिनी, गुरुजींना घरी न्या की. रोज याच वेळेला येतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलेला, त्यांना उठा कसं म्हणू? चहा सांगतो, पोरीला पेढा देतो, तरी हलत न्हाईत बघा."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. या गृहस्थाला चारदा विनवून झालं, पण त्याला ऐकायला सवड नव्हती, असं त्यांनी सुनेला शांतपणे सांगितलं.

"झोपाळे परत लागेपर्यंत पोर इथंच खेळेल," ते म्हणाले. "तुला बोललो नाही, कारण लोक काय म्हणतील म्हणून तू मला घरी बसवलं असतंस."

ते खरंच होतं. उत्कर्षानं नक्की बसवलं असतं. सासऱ्यांसाठी घोकून आणलेलं सगळं तिनं मुकाट्यानं गिळलं. राग मात्र तसूभर उतरला नव्हता. तिनं चपला काढल्या, गादीवर चढली आणि सासऱ्यांच्या शेजारी ऐसपैस बसली. शिवयोगीचा जीव भांड्यात पडला. सून शिकलेली आहे, म्हाताऱ्याला समजावेल, असं त्याला वाटलं.

"शिवयोगीअण्णा," ती म्हणाली, "आमच्या गल्लीत अजून दहा-बारा पोरं आहेत. उद्या किती वाजता आणू?"