सात जागांची गाडी

खलफान गाडीच्या तिसऱ्या रांगेत शिरून बसला. गुडघे हनुवटीला टेकले, तरी तो उतरला नाही. छताच्या जाळीतून गार हवा येते का, ते त्याने तळहात धरून पाहिलं. मग पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला.

“खटका फार घट्ट आहे. आमच्या सुआदच्या चिमुकल्या बोटांना जमायचा नाही.”

“अबू अज्जान, लग्न ठरवताना तरी एवढी पारख केली होतीत का?” थोरल्या मुलाच्या नावावरून ‘अज्जानचा बाप’ अशी हाक मारत विक्रेता मुराद म्हणाला. निझवाच्या या शोरूममध्ये तो वीस वर्षं गाड्या विकत होता. असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

“तेव्हा कुणी बघू दिलं होतं?”

“मला बघू दिलं असतं तर मीच पळाले असते,” त्याची बायको शमसा दाराशी उभी राहून म्हणाली. तिघंही हसले.

खलफान आणि शमसाला सहा मुलं. घर डोंगराच्या अंगाला. शाळेची बस डांबरी रस्ता संपतो तिथूनच मागे फिरायची. तिथवरची खडकाळ वाट खलफान मुलांना जुन्या पिकअपमध्ये कोंबून पार करायचा. बसमधून उतरली की पुन्हा न्यायला हजर. चौदा वर्षांचा अज्जान ते चार वर्षांचा धाकटा, सगळ्यांना हीच सवय.

घरून आणलेली तांदळाची गोणी मागे मावते का, तेही त्याला बघायचं होतं. त्याने गोणी उचलली. अर्ध्यावर ती त्याच्या हातून निसटू लागली. मुरादने झटकन खालून आधार दिला.

“दुपारी जेवलो नाही,” खलफान म्हणाला आणि मागचं दार धरून उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. शमसा दुसऱ्याच एका गाडीकडे बघत होती. तिसरी रांग उघडी ठेवली की गोणी आडवी मावत नव्हती. उभी मावली. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

“एक चक्कर मारून या,” मुरादने किल्ली पुढे केली. “आज मी एकटाच आहे, मला सोबत येता यायचं नाही. तुम्ही काय परके आहात का?”

खलफानने किल्ली शमसाच्या हातात ठेवली. तिला लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता. दोनदा नापास झाली होती. नको म्हणत असताना त्यानेच तिला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवलं होतं.

“तू चालव. मी मागून बघतो.”

गाव मागे पडलं. तो तिसऱ्या रांगेतून बोलत राहिला. “ब्रेक हळू दाब. हां, अस्सं. अज्जान तुझ्या शेजारी बसेल. मधल्या रांगेत खिडकीशी रय्या, तिला मळमळतं. मधोमध धाकटा. पलीकडे हिलाल. नसरा आणि सुआद इथे मागे. भांडल्या तरी तुझ्यापर्यंत आवाज यायचा नाही.”

शमसाने स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून उचलत जागा मोजल्या. मग गाडी रस्त्याकडेच्या बाभळीखाली घेतली आणि थांबवली.

“आणि तुम्ही?”

“मी काय, माझी पिकअप आहे.”

“ती तुम्ही परवाच विकलीत.”

खलफानने पट्ट्याचा खटका सोडला. थंड हवेचा पंखा तेवढा फिरत होता.

“मस्कतच्या डॉक्टरांचा कागद मी बघितला,” शमसा मागे न वळता म्हणाली. “शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतला. वीस दिवस झाले.”

वीस दिवस. ताटात भात टाकला म्हणून ती त्याला रोज बोलत होती. सैल झालेल्या त्याच्या पायघोळ झग्यांना, दिश्दाशांना, तिनेच टाके घालून दिले होते, आणि घालताना विचारलंही नव्हतं.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात?”

खलफानने घसा साफ केला. हिशेब द्यावा तसा तो सांगू लागला. “हे बघ, मी सगळ्याचा विचार केलाय. गाडी तुझ्याच नावावर घेतोय. उंच आहे, खडकाला लागायची नाही. टायरची हवा पंपावरचा सालिम बघून देईल, त्याला सांगून ठेवलंय. ओढ्याला पाणी आलं तर मात्र गाडी घालायची नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. पोरांसाठी तुला कुणाच्या दारात जायला नको. माझ्या भावाच्यासुद्धा नको. ही वाट आता तुला पाठ आहे.”

“आणि इद्दत?”

“काय?”

“तुम्ही गेलात की चार महिने दहा दिवस मला घरात बसावं लागेल. आपल्याकडे विधवा बाई तोवर उंबरा ओलांडत नाही. गाडी दारात उभी राहील. मग पोरांना कोण नेईल?”

याचा त्याने विचार केला नव्हता. इतक्या रात्री जागून त्याने एकेक गोष्ट मनात लावून ठेवली होती, आणि हीच राहिली होती. त्याने पुढे वाकून तिच्या खांद्याकडे हात नेला. मध्ये रिकामी रांग होती. हात पोहोचला नाही.

शमसाने ओढणीने डोळे पुसले. गाडी सुरू केली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा आहे ना, ते पाहिलं.

“निदान शाळेला सुट्टी लागेपर्यंत तरी थांबा,” ती म्हणाली.