मेणाचे बोळे

"आता मी सांगतो त्यावर तुमच्यातला एकबी माणूस इस्वास ठेवणार न्हाई," हौशीराम आबा म्हणाले आणि त्यांनी पडवीतल्या घोंगडीवर ऐसपैस मांडी घातली.

"मग सांगूच नका, मामंजी," साळुबाई म्हणाली. "इथं सुनेचा निकाल लागायचाय."

ती सून, जया, आत चुलीपुढं बसली होती. तिचे वडील भगवंत निरोप मिळाला तसे कळंबहून सकाळच्या एस्टीनं आले होते, लेकीला माघारी न्यायला. तिची पत्र्याची पेटी दाराशी काढून ठेवलेली. नवरा भिका खांबाला टेकून उभा. पापण्यांवर गिरणीचं पीठ.

"बहिरी पोर गळ्यात बांधली तुमी आमच्या," साळुबाई भगवंतांना म्हणाली. "हाका मारून माझा घसा बसला. एक दिस पाठीमागं परात आपटून बघितली. ही आपली निवांत तांदूळ निवडतीय!"

"आमच्या घरी तर सगळं ऐकायची हो," भगवंत म्हणाले.

"मग हितं काय कानात माती गेली?"

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. जयाला ऐकू कमी नव्हे, फार येत होतं. भिकाची पिठाची गिरणी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. पट्टा फिरायला लागला की तिच्या दाढा ठणकायच्या. भांड्यावर भांडं आदळलं की डोळ्यांपुढं काजवे. लग्न होऊन आली तशी तिनं आधी खोबरेलात भिजवलेला कापूस घालून पाहिला. गिरणीनं त्याला जुमानलं नाही. मग भोसरीत कंपनीत असलेल्या भावानं पिवळे स्पंजाचे बोळे आणून दिले, मोठ्या मशीनवरच्या माणसांना देतात तसले. ते घातले आणि जगच बंद झालं. गिरणी गेली, पण सासूच्या हाकाही गेल्या. उलट आपलंच भाकरी चावणं डोक्यात असं घुमायचं, की जणू बैल कडबा खातोय. परात आपटली ती त्याच दिवसांत. शेवटी भीमाशंकरकडून मध विकायला आलेल्या बाईकडून तिनं मेण घेतलं. हरभऱ्याएवढी गोळी मळून कानाच्या तोंडाशी बसवली. आवाजाची धार तेवढी बोथट झाली, बोलणं आत येत राहिलं. जमलं एकदाचं. पण तोवर गावानं तिला बहिरी ठरवलं होतं.

आता सांगायचं कसं? कान बंद केले होते म्हणावं, तर सासूचं बोलणं नको म्हणून सुनेनं कानात बोळे घातले, अशी गावभर दवंडी. गप्प बसावं, तर बहिरी. एका दारानं उर्मट म्हणून जायचं, दुसऱ्यानं बहिरी म्हणून. राहायचं दार कुठंच नव्हतं. आणि तिला राहायचं होतं. गिरणी बंद केल्यावर भिका तिच्याशी हळू बोलायचा, अगदी हळू. तसं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"बेल्ह्याच्या बाजारात एक बैल व्हता," आबांनी सुरू केलंच. "कान असे तिखट, की शेजारच्या गोठ्यात गोचिडानं जांभई दिली तरी हा दचकायचा. दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतात ना? त्या बोटांची कटकट त्याला ऐकू जायची! भाव पाडला, की हा मुंडी हलवून मालकाला सांगायचा, देऊ नको!"

अशा वेळीही भगवंतांना हसू फुटलं. त्यांनी ते मिशीत दाबलं.

"पण बाजारात भोंगं, टेम्पो, शेकड्यानं जनावरं. त्या कालव्यानं बैल अर्धमेला व्हायचा. मग मालकानं त्याच्या कानात मेण घातलं. गिऱ्हाईकानं बैल घेतला, घरी नेऊन पाठीमागं डबा बडवला. बैल हलला न्हाई. म्हणलं, बहिरा! दिला माघारी. आता बहिरा कसला, राव? लई ऐकू येत व्हतं, म्हणून तर झाकलं व्हतं कान!"

आत जयानं फुंकणी खाली ठेवली. म्हाताऱ्यानं तिचं मेण पाहिलं होतं तर. आता बैल बाजूला राहील आणि तिचं नाव निघेल. पळायला परसदार होतं, पण पडवीतून सगळ्यांना दिसेल असं.

"बैलाचं कवतिक पुरे झालं, मामंजी," साळुबाई करवादली.

"संपलंच गं. त्या बैलाचा मालक कोण, तेवढं ऐका."

आणि आबांचा आवाज खाली आला. आणखी खाली. मग नुसते ओठ हलताना दिसू लागले. शेजारी बसलेल्या भगवंतांनी कानामागं हात धरला. साळुबाई पुढं वाकली.

"काय म्हणलं?" तिनं भिकाला विचारलं.

भिकानं मान हलवली. त्यालाही काही कळलं नव्हतं.

जयानं एका कानातलं मेण काढलं. भिंतीआडून शब्दन्‌शब्द आला.

"मालक हा भगवंतच. बैल म्हणजे नुसता हाडाचा सापळा. व्हणारच की! ही जया लई आळशी पोर. माहेरी असताना दावणीला कधी पेंढी टाकायची न्हाई..."

ती उठली कधी, उंबऱ्यात आली कधी, तिचं तिलाच कळलं नाही.

"साफ खोटं बोलताय, आबा! आमच्या दावणीला आधी वैरण पडायची, मग आमच्या ताटात भाकर!"