पळस्प्याचा फाटा

पळस्पे फाट्यावर इनॉकने गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. डावीकडचा रस्ता खोपोलीला, तिथून घाट चढून पुण्याकडे. उजवीकडचा पेण, नागोठणं करत कोकणात. कोल्हापूर दोन्हीकडून गाठता येतं.

"बाबा, आपण कोकणातून जाऊ," तो म्हणाला. "नागोठण्याला चहा घ्यायचा आणि आत वळायचं, अष्टमीला. दुपारचं जेवण तिथेच, नदीवर. रात्री महाड, आणि उद्या आंबेनळी घाटाने वर."

शेजारी बसलेल्या हासाजींनी कानटोपी खाली ओढली. समोरच्या काचेवरचं दव अजून वाळलं नव्हतं.

"खोपोलीच्या घाटाने ने," ते म्हणाले.

इनॉकला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. आठ दिवस त्याने हाच बेत मनात घोळवला होता. पुढच्या महिन्यात सगळे कायमचे इस्राएलला निघणार होते. तो, बायको रुथ, लहानगी लेक हेप्झिबा आणि हासाजीसुद्धा. धाकटी बहीण जेरुशा तेवढी कोल्हापुरात मागे राहणार होती, तिचा नवरा नोकरी सोडायला तयार नव्हता. तिला भेटून यायचं म्हणून शेजारच्या नझीरभाईने आपली हिलमन गाडी दिली होती. किल्ली हातात ठेवताना तो म्हणाला होता, "अब्बांना गाव दाखवून आण, इनॉक. पुन्हा कधी रे?"

"बाबा, अष्टमी वाटेवरच आहे," इनॉक म्हणाला. "थोडंसं तर आत वळायचं."

"मला सांगतोस? जन्मलो तिथे."

मागून रुथ म्हणाली, "अहो बाबा, तुमच्या तोंडी दिवसरात्र अष्टमीच असते की."

ते खरंच होतं. पनवेलच्या इस्राएल आळीत राहायला येऊन त्यांना उभं आयुष्य झालं, पण जेवायला बसले की हासाजी अष्टमीत जाऊन बसत. भरतीला कुंडलिकेचं पाणी कसं परसापर्यंत चढे. तेलाच्या घाण्याचा बैल शनिवारी, शब्बाथला, मोकळा असायचा, आणि त्याला न सांगता शनिवार कसा कळायचा. त्या दिवशी तो उठायचाच नाही. हेप्झिबाला त्या बैलाचं नावही पाठ होतं.

"आजोबा, मला सोन्या बैलाची जागा बघायचीय," ती म्हणाली.

मागून भाताची पोती भरलेला ट्रक आला, भोंगा वाजवून उजवीकडे वळला. तो दिसेनासा होईपर्यंत हासाजी त्याच्याकडे बघत होते.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "इनॉक, एकदा का मी तिथे उतरलो, तर मला विमानात चढवायला तू पुरा पडणार नाहीस."

रुथने हेप्झिबाला जवळ ओढून घेतलं. इनॉकने गिअर टाकला आणि गाडी डावीकडे घेतली.

गाडी खोपोलीकडे धावत होती. इनॉकच्या मनात राग होता, आणि कोणावर ते त्याला कळत नव्हतं. अष्टमी त्यालाही बघायची होती. लहानपणी एका हिवाळ्यात काका त्याला तिकडे घेऊन गेले होते. शेतात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास, धुराने चुरचुरणारे डोळे. एवढंच त्याचं गाव. ते एकदा मुलीला दाखवावं, एवढीच त्याची इच्छा होती.

घाटात शिंग्रोबाच्या देवळापुढच्या चढणीला गाडी तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली, तसं इनॉकने कठड्याजवळ थांबून चाकाला दगड लावला. रुथने सांदणांचा डबा उघडला. हेप्झिबा धावत कठड्याशी गेली, म्हणून तो तिच्या मागे गेला.

ऊन वर आलं होतं. खाली वीजघराचे नळ, खोपोलीची कौलं, पलीकडे पाताळगंगेची चकाकती रेघ. कापणी झालेली पिवळी खाचरं पार लांबपर्यंत. उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा. डाव्या हाताला डोंगरांमागे डोंगर, निळे, मग फिके निळे. त्यांच्याही मागे कुठेतरी नागोठणं, रोहा, अष्टमी. हिवाळ्यातली इतकी लख्ख सकाळ त्याने घाटातून कधी पाहिली नव्हती.

गाडीत हासाजी दरीकडे पाठ करून बसले होते, डोंगराच्या कातळाकडे बघत.

"दिसतंय का रे काही?" त्यांनी विचारलं. मान वळवली नाही.

इनॉक त्या फिक्या डोंगरांकडे बघतच म्हणाला, "नाही, बाबा. नुसतं धुकं आहे."

हेप्झिबाने चमकून वर पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण वडिलांचा हात खांद्यावर घट्ट बसला तशी ती गप्प राहिली.

"मग उतरतो जरा," हासाजी म्हणाले. "पाय आखडलेत."

इनॉक दार धरायला पुढे झाला, पण तोवर ते काठी टेकत खाली उतरले होते. आता त्यांना थांबवायचं कसं? सावकाश पावलं टाकत ते कठड्यापाशी आले. काठी त्यांनी हेप्झिबाच्या हातात दिली. दोन्ही हात कठड्यावर ठेवले. वाऱ्यावर त्यांची पांढरी दाढी हलत होती. आधी त्यांनी कर्नाळ्याकडे पाहिलं, मग नदीच्या रेघेवरून नजर डावीकडे नेत नेत, शेवटच्या फिक्या डोंगरावर थांबवली.

इनॉक शेजारी उभा होता. बापाच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.

"फार दाट आहे रे धुकं," हासाजी म्हणाले, आणि तिथून हलले नाहीत.